भिडू नसलेला खेळ

आमच्या घरात पत्त्यांचा कोणता खेळ खेळायचा, हा प्रश्न वीसेक वर्षं कधी पडलाच नाही. रविवारी दुपारी मटण-भाकरी झाली, ताटं उचलली, चटई पडली की मेंढीकोट. भिडू ठरलेले. आई-आप्पा एका बाजूला, मी आणि बायको दुसऱ्या. घोडपदेवच्या आमच्या दोन खोल्यांत चौघं गोल करून बसले की पाचव्याला मोरीकडे जायला वाट उरत नसे. निकालही ठरलेला. आम्ही हरायचो.

मेंढीकोट म्हणजे दश्श्या पकडायचा खेळ. दश्शी म्हणजे मेंढी. चारही मेंढ्या एकाच जोडीने नेल्या की समोरच्यांवर कोट. आमच्यावर इतके कोट चढले की बायको म्हणायची, "मुंबईच्या उकाड्यात एवढे घालायचे कुठे?" चूक अर्थात माझी असायची. मी स्वतःला पडलेलं प्रत्येक पान लक्षात ठेवणारा समजत असे. प्रत्यक्षात मला ऑफिसची छत्रीसुद्धा लक्षात राहत नाही.

गेल्या वर्षी आई गेली. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि आप्पा गॅलरीतल्या खुर्चीवर बसले ते बसलेच. बोलणं म्हणजे "हो", "नको" आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून "झालं माझं". चार महिने असेच गेले. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला.

"अहो, त्यांना पत्त्यांना बसवा," बायको म्हणाली. "असेच राहिले तर आप्पाही जातील आपल्या हातचे."

मग मी खेळ निवडायला घेतला. आम्ही उरलो तिघं, म्हणून आधी पाच-तीन-दोन. तो तिघांचाच खेळ, पण त्यासाठी खालची बावीस पानं बाजूला काढावी लागतात. मी दुर्र्या-तिर्र्या काढू लागलो तर आप्पा गॅलरीतून म्हणाले, "कॅट फोडू नको." झालं. पुढच्या रविवारी रमी. तेरा पानं त्यांनी हातात घेतली, एकदा पाहिली, पालथी ठेवली. "एकट्यानंच जुळवत बसायचं?" झब्बूत तर त्यांनी सगळी पानं माझ्यासमोर ओतली आणि उठून गेले.

शेवटी दादरच्या एका दुकानातून मी रंगीत पत्त्यांचा नवा खेळ आणला. खोक्यावर हसणारं एक अख्खं कुटुंब होतं, मला त्याच कुटुंबाची भूल पडली असावी. बारावीतल्या लेकीने मोबाईल बाजूला ठेवून आजोबांना नियम समजावले. आप्पांनी पानं उलटसुलट करून पाहिली.

"यात राणी कुठंय?"

"राजा-राणी नसतात यात, आजोबा. नुसते नंबर आणि कलर."

आप्पांनी पानं खोक्यात नीट भरली, झाकण लावलं, आणि खोका माझ्या हातात दिला. त्या दिवशी मी हात टेकले.

दोन रविवार तसेच गेले. तिसऱ्या रविवारी जेवण झाल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आप्पा आत येऊन चटईवर बसले. लेक तिथेच लोळत पडली होती. तिच्याकडे बघत म्हणाले, "चौथी आहे की. मेंढीकोट काढ."

मी कॅट शोधायला इतक्या घाईने उठलो की गुडघा कपाटावर आपटला. लेक आजोबांची भिडू झाली आणि त्यांच्यासमोर, ओट्याला पाठ लावून बसली. आईची जागा. तिथून आईला उठल्याबरोबर गॅसवरचं दूध बघता यायचं. मी पानं वाटली. पहिली उतारी आप्पांची.

आप्पांनी हातातल्या पानांची कड चटईवर दोनदा टेकवली. ही त्यांची जुनी सवय. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले, तिथली असणार, असं मी समजत आलो होतो. पण पान उतरेना. ते लेकीच्या मनगटाकडे बघत होते.

लेकीने मनगटावरचं काळं रबरी घड्याळ पाहिलं. "पावणेतीन झालेत, आजोबा. उतरा ना."

आप्पांनी पुन्हा दोनदा कड टेकवली, आणि थांबले.

आणि मला एकदम आईच्या बांगड्या ऐकू आल्या. आप्पांची टपटप झाली की लगेच त्या वाजायच्या. नाहीतर आईचा हात कानातल्या कुडीकडे जायचा. नाहीतर ती पदर सावरायची. दुधाकडे बघायला उठतेय, असं मला वाटायचं.

"आप्पा," मी म्हटलं, "तुम्ही दोघं खुणा करत होतात?"

आप्पांनी हातातली पानं मिटली.

"बांगड्या म्हणजे काय?"

"बदाम."

"आणि कुडी?"

"इस्पिक. पदर सावरला की चौकट. गप्प बसली की किलवर. पुरे?"

"अगंबाई!" बायकोने पानं खाली टाकली. "आणि मी वीस वर्षं ह्यांच्या डोक्याला दोष देतेय!"

लेक तर चटईवर लोळून हसली. मीही हसत म्हणालो, "ही लबाडी झाली, आप्पा. सगळे कोट परत घ्या!"

"तुझ्यामुळंच करावी लागली," आप्पा म्हणाले. "तू हसला होतास तिला. नव्या सुनेसमोर."

मला काही आठवेना. मग आठवलं. आमच्या लग्नाचं पहिलं वर्ष. दुसरीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने आमच्या हातावर चौकटची दश्शी टाकली होती, आणि मी म्हणालो होतो, "आमच्या आईला मेंढी काय नि बोकड काय, सगळं सारखंच!" सगळे हसले. आईही हसली होती. पुढच्या रविवारी तिच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. महिन्याभराने ती पुन्हा बसली आणि जिंकायला लागली. आईला मेंढीकोट मी शिकवलं, असं मी आल्यागेल्याला सांगत असे. आईच्या पुण्यानुमोदनालाही सांगितलं होतं. तेव्हा आप्पा शेजारी बसले होते.

"दोघं शिकलेली, त्यांच्यात मी अडाणी कशाला बसू, म्हणायची," आप्पा म्हणाले. "खेळ येत नव्हता असं नाही रे. तुझ्यासमोर पान टाकायला धजायची नाही. मग मी म्हटलं, तू कुणाकडं बघू नको गो. माझ्याकडं बघ."

लेक आजोबांजवळ सरकून म्हणाली, "आजोबा, मला शिकवा ना खुणा. आपण दोघं ह्यांना हरवू."

"नको बाय. त्या तिच्या होत्या."

आप्पांनी सगळ्यांची पानं गोळा केली. आता उठणार, खुर्चीत जाणार, पुन्हा चार महिने, असं मी मनात मोजत होतो. पण ते पिसत राहिले. बराच वेळ पिसत राहिले.

"भिडूचा खेळ नको आता," ते म्हणाले. "ज्याचं त्यानं खेळायचं. बदाम सात."

आणि स्वतःच वाटायला लागले.

तेव्हापासून रविवारी बदाम सातच असतो. आप्पा खेळतात, बहुतेक वेळा हरतात, आणि भाकरी पूर्ण खातात. बदाम सातमध्ये कुणाला काही विचारायचं नसतं. पान लागत असेल तर लावायचं, नाहीतर पास म्हणायचं. तरी पाळी आली की आप्पा कड चटईवर दोनदा टेकवतात आणि थांबतात. आम्ही तिघं तेवढा वेळ आपापल्या पानांत बघत बसतो. पाळीची आठवण त्यांना कुणी करून देत नाही.