उकिडवेकाकांचं कुंपण

देवदत्त उकिडव्यांना पोहता येत नाही. तरी शुगर लँड गावातल्या त्यांच्या घरामागे चांगला ऐसपैस स्विमिंग पूल आहे. घर घेतलं तेव्हा तो घराबरोबर आला, सोयरिकीबरोबर एखादा तिरसट मामेसासरा यावा तसा. उन्हाळ्यात आम्ही त्यात डुंबायला गेलो की काका लांब खुर्ची टाकून माणसं मोजत बसत. आत गेले सहा आणि दिसले पाच की त्यांचा चेहरा पांढरा पडे. सहावा बहुतेक वेळा आत रत्नाकाकूंची भजी खात असे.

पाइपलाइन कुठे फुटेल याची काळजी करायचा पगार त्यांनी पस्तीस वर्षं घेतला. निवृत्त झाल्यावर तेच काम ते फुकट करू लागले.

मग मुलगी हिमानी पुन्हा ऑफिसला जाऊ लागली आणि तीन वर्षांची आन्या दिवसभर आजी-आजोबांकडे राहू लागली. त्याच आठवड्यात काकांनी पूलभोवती कुंपण घातलं. नगरपालिकेच्या नियमांचा कागद फ्रिजवर चिकटवला. गेट बाहेरच्या बाजूलाच उघडायला हवं, सोडलं की आपोआप मिटून कडी बसायला हवी. काकांनी ते पन्नास वेळा सोडून पाहिलं. गजांमध्ये चार इंचांची फट नको, म्हणून ते सोललेला नारळ घेऊन गजागजातून घालून बघत.

"अहो, टेप आहे ना घरात?" काकू म्हणाल्या.

"टेप म्हणजे नुसता आकडा. नारळ म्हणजे डोकं."

कुंपणाजवळ चढण्यासारखं काही नको, म्हणून खुर्च्या, ग्रिल, जास्वंदीच्या कुंड्या, सगळं गराजमध्ये गेलं.

"आणि मी बसू कुठे?"

"बसू नकोस. जिथे बसता येतं तिथे चढता येतं."

तपासणीचा माणूस येऊन पास करून गेला. काकांनी त्याला चिवडा दिला.

मार्चमध्ये थंडी सरली तशी काकूंनी घरातली तुळस बाहेर काढायला सांगितली. ऊन यायचं ते कुंपणापाशीच. काकांनी स्वतः तुळस उचलून तिथे नेली. जमिनीवर कशी ठेवायची, म्हणून विटांचा दोन पायऱ्यांचा ओटा रचला, लेव्हल लावून, आणि नमस्कार केला. तुळस हीसुद्धा कुंडीच असते, हे या इंजिनिअरच्या डोक्यातच आलं नाही. जिला आपण हात जोडतो तिच्यावर कुणी पाय देईल, हे आपल्या माणसांना सुचत नाही. आन्या मात्र रोज सकाळी पहिल्या पायरीवर चढून छोट्या तांब्याने तुळशीला पाणी घाली, आणि आम्ही सगळे तिचे फोटो काढत असू.

गेल्या बुधवारी कुकरची शिट्टी झाली आणि काकू एक मिनिट आत गेल्या. काका सिंकपाशी कप विसळत होते. त्यांनी खिडकीतून पाहिलं. आन्या पहिल्या पायरीवर नव्हती. दुसरीवरही नव्हती. ती कुंडीच्या काठावर उभी होती आणि तिचा उजवा पाय कुंपणाच्या पलीकडे गेला होता. पलीकडे दोन पावलांवर पूलचं खोल टोक.

कप हातातून सुटला. काका अनवाणी धावले. ओरडायचं नाही, दचकेल. पलीकडे पडली तर गेटपर्यंत चाळीस पावलं, वर ती उंच कडी, आणि पुढे आपण दगडासारखे बुडणार. पस्तीस वर्षांत एवढा भराभर हिशेब त्यांनी कधी केला नव्हता आणि उत्तर दर वेळी तेच येत होतं.

"आन्याबाई," ते अगदी हळू म्हणाले, "कुठे निघालात?"

"माय बॉल, आजोबा. आय कॅन डू इट."

"येतं गं तुला. पण आधी मला एक पापी?"

ती जरा वाकली. काकांनी तिला कमरेला धरून ओढलं आणि दोघं गवतावर पडले. बॉल राहिला म्हणून आन्याने भोकाड पसरलं.

"हिमानीला आत्ता नको सांगायला," काकू रडत म्हणाल्या. "उद्यापासून तिने हिला आणलंच नाही तर?"

"नाही आणलं तर नाही आणलं," म्हणत काकांनी फोन लावला. पलीकडे हिमानीने सगळं ऐकून घेतलं. मग, "निघतेय मी."

हिमानी आली. तिने आधी आन्याला नखशिखांत चाचपलं. काकांनी तुळस ओट्यासकट तिथून हलवलेली पाहिली. मग ऑफिसच्या कपड्यांत ती सरळ गुडघ्यांवर बसली.

"बाबा, खाली या. उभ्याने काही दिसणार नाही."

दोघं रांगत कुंपणाभोवती निघाले. मागच्या कोपऱ्यात, गजांना खेटून, आठवड्यापूर्वी काकांनी आणलेली कंपोस्टची पेटी होती. झाकणावर वाळलेला चिखल होता, आणि चिखलात एक इवलंसं पाऊल.

काकांनी पेटी ओढायला घेतली. दुसरी बाजू हिमानीने धरली.