तायाने फोडलेली जागा

आमच्या तायाला मॉस्कोत फार मान. कवितांची चार पुस्तकं, दोन कादंबऱ्या, टीव्हीवर मुलाखती. तिथले बडे लोक तिला अदबीने ताइसिया ल्वोव्ना म्हणतात. गावात मात्र तिची ओळख एकच: हिच्या काकड्या दरवर्षी कडू निघतात. ती माझ्या शेजारी, तिच्या वडिलांच्या घरी कायमची राहायला आली, तेव्हा मी आमच्या मधल्या कुंपणाची एक फळी काढूनच टाकली. त्या भोकातून चहा, मीठ, शिव्या, सगळं यायचं-जायचं. नवी कविता पहिली मलाच.

"कळली का गं झोया?"

"नाही बाई. पण रडू आलं."

तेवढ्यावर स्वारी खूश.

अळंबीची जागा आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा. माझी मला आईने दाखवली. आणि मी ती एकट्या तायाला दाखवली.

तर या बयेने ती कादंबरीत घातली! वाचनालयात नव्या कादंबरीचं वाचन होतं. मी ठेवणीतला रुमाल बांधून पहिल्या रांगेत. ताया वाचू लागली, "जुन्या गिरणीमागे ओढा लागतो. अळंबी हवी असेल तर ओढ्यापाशी..." माझं डोकंच फिरलं. पुढचं ऐकायला थांबतंय कोण! तडक घरी आले आणि फळी ठोकून टाकली.

"झोया, अगं ऐक तरी!" ताया पलीकडून ओरडली.

"ऐकलं तेवढं पुरे! जा, मॉस्कोवाल्यांना ऐकव!"

महिनाभर तोंड पाहिलं नाही तिचं. खरं सांगते, एकटीला चहा गोड लागेना.

ऑगस्टात गाड्या आल्या. शहरी मंडळी, पायात कोरे बूट, हातात टोपल्या, काखेत तायाची कादंबरी. मीही काठी घेऊन मागे निघाले. आईची जागा लुटतायत, निदान चार शिव्या तरी हासडू! गिरणी गेली, ओढा आला. एका बाईने पुस्तक उघडून पाहिलं आणि सगळे डावीकडे वळले.

डावीकडे तर दलदल आहे. आमची जागा उजवीकडे!

मी तिथेच मटकन बसले आणि पोट धरधरून हसले. थोड्या वेळाने मंडळी गुडघाभर चिखलात माखून परतली. टोपलीत लाल टोपीच्या विषारी अळंब्या.

"मावशी, पुस्तकातली जागा खरी आहे ना हो?"

"म्हणजे काय! एवढी मोठी लेखिका खोटं कशाला लिहील?"

घरी येऊन आधी खिळे उपटले. ताया त्या कडू काकड्यांना पाणी घालत होती.

"भवाने, आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलू दिलंस का? फळी ठोकत बसलीस!"

"आणि पेपरात छापलंय, तुझ्या कादंबरीतला शब्दन् शब्द खरा म्हणून."

"आहेच. तुझी जागा तेवढी सोडून."

मला भडभडून आलं. तिला मिठी मारली, तर माझ्या हातातली हातोडी तिच्या पाठीत लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी टोपल्या घेऊन निघालो. ओढ्यापाशी ताया मुद्दाम डावीकडे वळली. मी तिला दंडाला धरून उजवीकडे ओढलं.