ओल्यात वाळणारी डबी

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास दुष्काळाला शिव्या सगळेच देत होते. पण रंग वाळत नाही म्हणून दुष्काळाला शिव्या देणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. झाडापानांचं त्यांना व्यसनच होतं. रेणापूरला एका लग्नाला गेले, तर पंगत उठली तरी हे मांडवामागच्या बाभळीचं चित्र काढत बसलेले. वर आम्हालाच म्हणाले, “नवरदेव काय, कुठंबी भेटतो. अशी बाभळ दावा बरं!”

त्यांच्या विहारात एकदा एक जपानी भिक्खू येऊन गेले. मास्तरांची चित्रं त्यांना इतकी आवडली, की परत गेल्यावर त्यांनी पोस्टाने एक नळी पाठवली. तिकडच्या एका झाडाच्या चिकाचं रोगण होतं ते. सोबत काळ्याभोर लाकडी डबीवर रंगवलेल्या गवताचा फोटो. झालं, मास्तर कामातून गेले. पहिल्याच दिवशी रोगण अंगावर उठलं आणि तोंड बिब्बा उतल्यासारखं सुजलं. डोळे उघडत नव्हते, तरी म्हणाले, “माल अस्सल हाय!” मग सागवानी डबीवर रोगणाचे काळे हात देऊन त्यांनी वर तरवडाची पिवळी फुलं काढली, कारण त्या वर्षी माळावर फुललेलं तेवढंच होतं. नळी संपली. डबी वाळायला गच्चीवर कडक उन्हात ठेवली. आठ दिवस झाले तरी चिकटच. वर दोन माशा कायमच्या मुक्कामाला.

पत्र पाठवून विचारलं, तर उत्तर आलं : हे रोगण दमट हवेतच वाळतं, बंद कपाटात ओल्या फडक्यांजवळ ठेवा. इथे टँकर तीन दिवसांनी यायचा. “प्यायला पाणी न्हाई, अन् डबीला आंघोळ घालू का?” मास्तरीणबाई कडाडल्या. मास्तरांनी डबी कपाटात ठेवून खाली गोणपाट अंथरलं. स्वतःच्या आंघोळीचं पाणी ते गोणपाटावर शिंपडू लागले. वर्गातली पहिली दोन बाकं मागे सरकली. तरी डबी वाळेना. दुसरी नळी मिळणार नव्हती; मास्तर जेवणावरून अर्धवट उठू लागले. मग एक दिवस बाईंनी धुतलेलं लुगडं दोरीवर न टाकता मुकाट्याने त्या कपाटात पसरलं. नंतर रोजच.

पंधरवड्याने डबी दगडासारखी घट्ट झाली. माशा निघाल्या, त्यांच्या पायांचे ठसे मात्र राहिले. मास्तरांनी ती आमच्यासमोरच बाईंच्या हातात ठेवली. “तुझ्यासाठीच केली की.”

बाई तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “आधी सांगायचं न्हाई का? एक घागर जास्त आणली असती.”

मास्तर आज नाहीत. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला त्या घराचा हेवा वाटला.