घुबडाची गाडी आणि माझ्या पर्समधला फ्यूज

गॅरेट, माझा मुलगा, शाळेची बस चालवतो. पस्तिशीला आला तरी त्याच्या बसमधली पोरं त्याला आपल्यातलाच समजतात. सकाळी पहिलं पोर चढायच्या आधी तो बसभोवती एक फेरी मारतो, टायरला लाथ मारून बघतो आणि मगच दार उघडतो. हा स्वभाव त्याने माझ्याकडून घेतला असं त्याचे वडील म्हणायचे. मी दाराचं कुलूप लावून पुन्हा परत येऊन ओढून बघणारी बाई. फरक एवढाच, की मी नुसती घाबरते आणि तो घाबरून काहीतरी करतो.

लहानपणी त्याला एका सिनेमाने वेड लावलं होतं. तो सिनेमा कुठे फारसा चालला नव्हता. तीन बहिणी, तिघी जनावरांच्या डॉक्टर, एका लांबड्या स्टेशन वॅगनमधून रानोमाळ हिंडतात आणि हरवलेली, जखमी जनावरं शोधून काढतात. गाडी पांढरी, खाली हिरवा पट्टा, छतावर लाल-निळे फिरते दिवे आणि बॉनेटवर लाल डोळ्यांचं लाकडी घुबड. कॅसेट घासून घासून शेवटी नुसता पाऊस दिसायचा, तरी हा त्यासमोर बसून दूध-कॉर्नफ्लेक्स खायचा. मला वाटलं, वय वाढलं की जाईल. गेलं नाही. आमच्या चर्चच्या लिपिकबाईंनी त्यांची जुनी वॅगन विकायला काढली आणि त्याच शनिवारी ती आमच्या गॅरेजमध्ये येऊन उभी राहिली.

तिची तो हुबेहूब सिनेमातली गाडी करणार होता. माझा पहिला प्रश्न होता, "पोलिसांनी पकडलं तर?"

"म्हणून तर आधी पोलिसांकडेच जातोय," तो म्हणाला.

आणि खरंच गेला. गाडीला रंगाचा हात लावायच्या आधी सिनेमातले फोटो घेऊन तो शेरीफच्या ऑफिसात जाऊन बसला आणि यातलं मला काय काय करता येणार नाही ते सांगा म्हणाला. तिथे काउंटरवर डेप्युटी लॉरेन टिबेट होत्या. नंतर त्या मला म्हणाल्या, लोक आमच्याकडे पकडले गेल्यावर येतात, तुमचा मुलगा पकडला जायच्या आधी आला, त्याला कुठल्या रांगेत उभं करावं तेच कळेना.

सिनेमातल्या गाडीच्या दारावर पोलिसांसारखा तारा होता. गॅरेटने त्या जागी घोड्याचा नाल रंगवला. मागच्या शिडीआड नंबरप्लेट झाकली जात होती, ती शिडी हातभर बाजूला सरकवली. घुबड स्प्रिंगवर बसवलं, कुणाला धक्का लागलाच तर ते वाकलं पाहिजे म्हणून. विम्याच्या माणसाला घरी बोलावून गाडी दाखवली. तो माणूस घुबडाला हात लावून गेला आणि जाताना हसत होता. राहिले छतावरचे दिवे. लाल-निळे दिवे रस्त्यावर लावायचे म्हणजे पोलीस असल्याची बतावणी. जत्रेत, मिरवणुकीत, मैदानात उभ्या गाडीवर चालतात, पण रस्त्यावर त्यांच्यावर खोळ हवी. सिनेमातल्यासारख्या गाड्या हौसेने बनवणाऱ्यांचं इथे एक मंडळ आहे. त्यांचा याहून कडक नियम असा, की रस्त्यावर निघताना दिव्यांचा फ्यूज काढायचा आणि तो गाडी चालवणाऱ्याच्या खिशात ठेवायचा नाही. दुसऱ्याकडे द्यायचा. मोह झाला तरी हात रिकामा राहावा.

कोणी बायकोकडे देतो, कोणी मित्राकडे. गॅरेटने तो माझ्या हातावर ठेवला.

"माझ्याकडे का?"

"तुझ्याइतकं घाबरणारं माणूस मला दुसरं माहीत नाही," तो म्हणाला. "तू देणारच नाहीस."

मला ते कौतुक वाटलं. पर्समधल्या चष्म्याच्या डबीत मी तो फ्यूज ठेवला आणि खोळ मीच शिवली, जुन्या तंबूच्या कापडाची, दोन्ही बाजूंनी चेन लावून. माझी भीती साधी होती. शाळेच्या बस ड्रायव्हरच्या नावावर असा एक जरी गुन्हा लागला तरी बस गेली. आणि बस गेली तर गॅरेटकडे दुसरं काय आहे ते मला माहीत होतं. हे तोही जाणून होता, म्हणूनच तो इतका जपत होता.

दोन उन्हाळे त्या गाडीने मिरवणुका केल्या. महिन्यातून एकदा आम्ही मुलांच्या हॉस्पिटलमध्ये जायचो. गॅरेट आधी त्या सिनेमाची डिस्क वॉर्डात पाठवून द्यायचा, म्हणजे गाडी येईपर्यंत पोरांना सगळं पाठ असायचं. पार्किंगमध्ये खोळ निघाली, मी फ्यूज दिला, दिवे फिरले की खिडक्यांमध्ये चेहरे दाटायचे.

गेल्या ऑक्टोबरात भोपळ्यांच्या जत्रेहून परत येत होतो. संध्याकाळ उतरलेली, शेतांवर धुकं. अक्रोडाच्या रोलचा उरलेला डबा माझ्या मांडीवर होता. टेकडीचा चढ संपून उतार लागला आणि गॅरेटने ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध एक आमिश बग्गी कलंडलेली. चाक निखळलं होतं, घोडा साजात अडकून पडला होता. नवरा-बायको दोघं त्याला सोडवत होते. बाई पोटुशी होती. आमिश लोक धर्म म्हणून मोटारी वापरत नाहीत, त्यामुळे आमच्याकडच्या रस्त्यांवर त्यांच्या घोड्याच्या बग्ग्या रोजच्याच. अशा टेकडीवर मागून येणाऱ्या गाडीला त्या उशिरा दिसतात तेही रोजचंच.

गॅरेटने गाडी उलट घेतली, पुन्हा टेकडीच्या माथ्यावर आणून कडेला उभी केली आणि चारही इंडिकेटर लावले. जुन्या गाडीचे मिणमिणते दिवे, धुक्यात विझल्यासारखे. एक पिकअप आला तो आम्हाला न बघताच खाली गेला. टायरांचा आवाज झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पिकअप शेतात होता आणि बग्गी जागेवर.

गॅरेट खाली उतरून खोळीची चेन ओढत होता.

"आई, फ्यूज."

मी पर्स घट्ट धरली. "गॅरेट, शाळेच्या बसचं काय?"

"माहीत आहे."

"तुझी बस जाईल."

"आई, मागून अजून येतायत. फ्यूज दे."

मागे धुक्यात दोन उजेड चढण चढत होते. मला डबी उघडता येईना. शेवटी मी अख्खी डबीच त्याच्या हातात दिली, चष्म्यासकट.

दिवे फिरायला लागले. सगळी टेकडी लाल-निळी झाली. येणाऱ्या गाड्या लांबूनच मंद होऊन थांबू लागल्या, एकामागे एक. गॅरेट टॉर्च घेऊन खाली धावला. मी माथ्यावर उभी राहून प्रत्येक गाडीच्या खिडकीशी जाऊन सांगत होते, आम्ही पोलीस नाही हो, ही सिनेमातली गाडी आहे, पण कृपा करून थांबा. एक बाई म्हणाली, पोलीस नाही तर थांबू कशाला? मी म्हटलं, खाली घोडा पडलाय. मग ती थांबली.

डेप्युटी टिबेट आल्या तेव्हा घोडा उभा राहिला होता. आल्याआल्या त्यांनी दिव्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"दिवे कोणी लावले?"

"मी," गॅरेट म्हणाला.

"फ्यूज मी दिला," मी म्हटलं.

"आई, तू गप्प राहा."

"आपण पोलीस आहोत असं तुम्ही कुणाला सांगितलंत?" टिबेटनी त्याला विचारलं.

"मी कुणाशी बोललोच नाही. घोड्याशी बोलत होतो."

टिबेट हसल्या नाहीत. म्हणाल्या, शेतात गेलेल्या पिकअपवाल्याने आधीच फोन केलाय, टेकडीवर खोटा पोलीस उभा आहे म्हणून. मला हे लिहावं लागेल. मग त्यांनी आपल्या गाडीचे दिवे लावले आणि आमचे विझवायला सांगितले. खोळ मीच चढवली.

सोमवारी शाळेच्या वाहतूक विभागाच्या प्रमुख, मिसेस डॉर्सी, यांनी गॅरेटला बसच्या किल्ल्या ठेवून जायला सांगितलं. चौकशी होईपर्यंत. त्याच्या मार्गावर दुसरा ड्रायव्हर आला. गॅरेट सकाळी त्याच वेळेला उठायचा, कॉफी घ्यायचा आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बस जाताना बघायचा. दुसरा ड्रायव्हर फेरी मारत नाही, एवढंच एकदा म्हणाला. मी त्याच्यासाठी कोबी-नूडल्स करत राहिले. तो खात राहिला.

चौकशीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. भाड्याच्या व्हॅनमधून बग्गीवाला एनॉस हर्शबर्गर उतरला. हॅट हातात घेऊन आत गेला. आमिश लोक शपथ घेत नाहीत आणि असल्या कचेऱ्यांची पायरी सहसा चढत नाहीत. दार उघडं होतं. मिसेस डॉर्सींनी त्याला विचारलं, दिवे लाल-निळे होते का?

"दिव्यांमुळे माझी बायको घरी आली," तो म्हणाला. "रंग मी पाहिला नाही. मी घोडा धरला होता."

एवढंच बोलून तो उठला. त्याच्या मागोमाग डेप्युटी टिबेट यांचा कागद वाचला गेला. त्यात ताकीद होती, गुन्हा नव्हता. मिसेस डॉर्सींनी गॅरेटला किल्ल्या परत दिल्या, पण एक अट घातली. त्या गाडीवर लाल-निळी काच पुन्हा दिसता कामा नये. उभ्या गाडीवरही नाही. मैदानातही नाही.

गॅरेटने मान डोलावली. घरी येऊन त्याने गॅरेजचं दार आतून लावून घेतलं. त्या काचा त्याने कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीवरून मिळवल्या होत्या, सिनेमातल्याच जातीच्या, आणि त्यांच्यासाठी तो किती भटकला ते मला ठाऊक आहे. बाहेर आला तेव्हा त्या जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या होत्या. त्या जागी त्याने नारिंगी काचा बसवल्या, टिबेट यांना विचारून, रस्ता दुरुस्त करणाऱ्यांच्या गाडीवर असतात तशा. मंडळाच्या लोकांनी फोटो बघून टोमणे मारले. एकाने लिहिलं, आता खड्डे बुजवायला कधी येताय? गॅरेटने तो फोटोच काढून टाकला.

परवा आम्ही पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेलो. पार्किंगमध्ये एक मुलगी खाली आली होती, चाकाच्या स्टँडला सलाईन लटकवून. टोपीखाली केस नव्हते. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. तशीच, गॅरेट बसभोवती मारतो तशी.

"दिवे चुकीचे आहेत," ती म्हणाली.

गॅरेट तिच्यासमोर उकिडवा बसला. "हो. चुकीचेच आहेत."

"मग बरोबर का नाही लावले?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "एका घोड्यासाठी लावले होते. त्यानंतर परवानगी नाही."

"घोडा वाचला?"

"वाचला. जरा लंगडतो."

तिने थोडा विचार केला. "बरं. पण मग घुबडाचे डोळे पण नारिंगी कर. आता जुळत नाहीये."

गॅरेटने खिशातून टेप काढून तिथल्या तिथे घुबडाचे डोळे मोजले. परतताना मी त्याला विचारलं, डोळे नारिंगी केले तर कायद्यात चालेल ना?

"सोमवारी टिबेटना विचारून येतो," तो म्हणाला.