येडशीच्या नाक्यावरचा नंदी

अमीन साहेबांनी नंदीच्या छातीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि आवाज बदलला. मानेवर, पाठीवर, पोटावर सगळीकडं कागदाचा पोकळ आवाज येत होता. छातीच्या डाव्या बाजूला मात्र ठक्क झालं. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा ठक्क.

"अंदर धात है," ते म्हणाले. "चाकू लाओ."

मी जागचा हललो नाही. नंदीशेजारी जमिनीवर बसलेली बाई माझ्याकडं बघत होती.

हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं आहे. मी तेव्हा निजाम सरकारच्या करोडगिरी खात्यात, येडशी स्टेशनच्या नाक्यावर इन्स्पेक्टर होतो. करोडगिरी म्हणजे जकात. बार्शीकडून छोटी गाडी यायची. तिकडं इंग्रजी हद्द, इकडं आमची मोगलाई. हद्द ओलांडणारा प्रत्येक माल आम्ही तपासायचा, तो कशात मोडतो ते ठरवायचं, ड्यूटी लावायची आणि सोडायचा. त्या दिवसांत सोनं लपवून नेण्याच्या नाना तऱ्हा निघाल्या होत्या. कुणी गुळाच्या ढेपेत घालायचं, कुणी घोड्याच्या खोगिरात. वरून सक्त हुकूम होता. जिथं टणक लागेल तिथं उघडून बघा.

मी भूमचा. वडील आठवडी बाजारात दोरखंड विकायचे. घरात माझ्याआधी कुणी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. भूमच्या मास्तरांनी संध्याकाळी घरी बोलावून मला इंग्रजी आणि उर्दू शिकवलं, म्हणून मी हैदराबादला जाऊन बी. ए. झालो आणि या खुर्चीवर बसलो. त्या माणसाचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. सांगायचं एवढंच, की नोकरी माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती. हुकूम म्हणजे हुकूम, असंच मी मानायचो.

आणि तरी चाकू आणायला माझा पाय उचलेना. कारण असा माल मी कधी बघितला नव्हता.

नंदी गुडघ्याएवढा उंच होता. सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. त्यावर जुन्या धोतराचं फडकं, त्यावर कागद, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेला आणि करडीचं तेल पाजून पिवळसर झालेला. शिंगं खऱ्या बैलाची होती. कान पळसाच्या पानांचे, तेलात मुरवलेले. खूर दुधी भोपळ्याच्या वाळलेल्या कवचाचे. शेपूट अंबाडीच्या वाखाची. डोळ्यांच्या जागी कवड्या. घरातलं, शेतातलं, उकिरड्यावरचं, सगळं एकत्र आलं होतं, आणि तरी तो मान किंचित तिरकी करून असा बसला होता की आता कान हलवील.

आमच्या तक्त्यात कागदाचा दर वेगळा, शिंगाचा वेगळा, कापडाचा वेगळा. हा कशात मोडतो ते मला सांगता येईना.

त्याला घडवणारी बाई म्हणजे ती शेजारी बसलेली गौराक्का. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. माहेर इकडं मोगलाईत, माकणीचं, सासर बार्शीपलीकडच्या एका खेड्यातलं. बरोबर तिचा दीर मल्लाप्पा होता. श्रावणी सोमवार होता आणि नंदी संध्याकाळपर्यंत जंगलातल्या रामलिंगाच्या देवळात पोचवायचा होता. सगळ्या गावाचा नवस होता तो.

"अक्का, छातीत काय आहे?" मी विचारलं.

"ते आत्ता सांगायचं न्हाई, साहेब."

"का?"

मल्लाप्पानं उत्तर दिलं. "आमच्यात रीतच हाय तशी. ह्यो दिव्याचा नंदी. कागदाचे दोन पदर असत्यात. मधी गावातल्या एकेका घरचं काहीबाही घालायचं आन वरनं बंद करायचं. देवाम्होरं पोटात दिवा लावला की मग समद्यांनी बघायचं. तवर बोलायचं न्हाई."

"कितना आसान," अमीन साहेब म्हणाले. "सोना भी डालो और बोलो भी मत."

"साहेब, सोनं घावलं तर थोडं आमास्नीबी द्या," मल्लाप्पा म्हणाला. "माझ्या पोरीचं लगीन हाय."

अमीन साहेब हसले नाहीत. ते हैदराबादचे, माझे वरिष्ठ. सरळ माणूस होते, पण नियमाला पक्के. त्यांनी वाकून नंदीच्या पोटाखालचं भोक बघितलं. दिवा सरकवायला ठेवलेलं. "चाकू नको असेल तर बॅटरी लावू आतून," ते म्हणाले.

गौराक्कानं भोकावर हात ठेवला. "पैला उजेड देवापुढं."

"वहिनी, बॅटरी म्हंजे काय दिवा हाय का? बटनाचा उजेड त्यो."

"मग तूच नेऊन ठेव देवापुढं. म्या परत जाते."

मल्लाप्पानं कान पकडले.

"थोडं कापू," अमीन साहेब म्हणाले, आता जरा मऊ आवाजात. "बोटभर. बघू, परत चिकटवू."

"चीर पडली की त्यो नंदी राहत न्हाई, साहेब. मग ती नुस्ती टोपली."

साहेब खुर्चीवर बसले. "हमारे यहां मुहर्रम में भी अलम बैठने से पहले कोई पर्दा नहीं उठाता. समझता हूं, बाई. मगर सोना निकला और मैंने छोड़ दिया, तो मेरा क्या?"

कापलं तर नंदी मोडणार. उजेड पाडला तर नवस मोडणार. सोडला तर आमचा नियम मोडणार. बाहेर गाडीनं शिट्टी दिली आणि ती पुढं निघून गेली.

मग मला आमच्याच खात्यातली एक सोय आठवली. नाक्यावर तपासता न येणारा माल असेल, तर त्याला सील लावून, अधिकारी बरोबर देऊन, दुसऱ्या जागी नेऊन तपासता येतो. सील म्हणजे शिशाची चपटी गोळी. मालाला सुतळी बांधायची, सुतळीची टोकं गोळीतून ओवायची आणि सांडशीनं दाबायचं. गोळी फोडल्याशिवाय माल उघडत नाही.

"साहेब, सील करून रामलिंगाला नेऊ," मी म्हणालो. "त्यांचा दिवा लागेल तीच आपली तपासणी. मी बरोबर जातो."

"और सोना निकला तो?"

"तर माझी नोकरी गेली असं समजा."

बोलून गेल्यावर मला भूमचे मास्तर आठवले. पण शब्द परत घेता येत नव्हता.

अमीन साहेब खुर्चीवरून उठले. "तुमची नोकरी घेऊन मी काय करू," ते म्हणाले. "मैं खुद आता हूं."

नंदीला घोंगडीत गुंडाळलं, सुतळी बांधली, मी सील दाबलं. मल्लाप्पानं तो डोक्यावर घेतला. जंगलातून वाट होती. सागाची पानं ओली, ओढ्याचा आवाज, मधेच मोराची केका. दरीत उतरायच्या पायऱ्यांवर गौराक्का पुढं चालत होती. ती एकदाही मागं वळून बघत नव्हती. पुढं काय व्हायचं ते तिच्यापुरतं ठरलेलं असावं.

रामलिंगाच्या मंडपात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. अमीन साहेबांनी बूट काढले आणि मंडपाच्या कडेला, खांबापाशी उभे राहिले. मी सील फोडलं. फुटलेली गोळी सुतळीच्या दोन टोकांसकट माझ्या हातात राहिली. नंदी गाभाऱ्याकडं तोंड करून ठेवला. गौराक्कानं पाय धुतले, पणतीत करडीचं तेल घातलं, वात लावली आणि पणती नंदीच्या पोटात सरकवली.

आधी काही झालं नाही. मग पोट उजळलं. उजेड हळूहळू पाठीत चढला, वशिंडात गेला, मानेत शिरला. मळकट पिवळा कागद मधासारखा झाला आणि त्यातून एकेक वस्तू वर येऊ लागली. फुटक्या बांगड्यांचे हिरवे, लाल तुकडे. शीर न् शीर दिसणारं पिंपळपान. मोरपिसाचा डोळा. तान्ह्या बाळाचं टोपडं, त्याच्या टाक्यांसकट. ज्वारीच्या कणसाची गोंडी. चरख्यावरच्या पेळूचा धागा, नागमोडी. कुठं दाटी नव्हती, कुठं रिकामं नव्हतं. ही बाई अंधारात, दोन पदरांच्या मधे, उजेड कसा दिसेल ते मनात धरून हे सगळं लावत गेली होती. एकदाही दिवा न लावता.

मी पुष्कळ माल पाहिला. जरीचे शालू पाहिले, हस्तिदंत पाहिलं. पण त्या संध्याकाळी जसा श्वास थांबला तसा पुन्हा थांबला नाही.

मल्लाप्पा हलक्या आवाजात सांगू लागला. "ती हिरवी काकणं बाळव्वाची. टोपडं कुंभाराच्या नातवाचं. त्यो लिंबाचा डहाळा मुलाण्याच्या दारातला."

आणि मग छातीवरचा तो डाग सगळ्यांनाच दिसला. सगळा नंदी उजळला होता आणि छातीत डाव्या बाजूला एक काळा ठिपका होता. त्यातून उजेड येत नव्हता.

"वो काला क्या है?" अमीन साहेबांनी विचारलं.

मल्लाप्पा वहिनीकडं बघायला लागला. त्यालाही माहीत नव्हतं.

"ते माझ्या घरचं," गौराक्का म्हणाली.

"पर है क्या?"

"तुमचंच हाय, साहेब."

मला काही कळेना. अमीन साहेब पुढं आले, वाकले. काळा ठिपका गोल होता. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक काळ्या रेषा निघाल्या होत्या, उंदराच्या मिशांसारख्या. मग त्यांनी माझ्यापुढं हात पसरला. माझ्या मुठीतलं फुटकं सील मी त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते सुतळीला धरून नंदीच्या उजळलेल्या अंगासमोर, त्या ठिपक्याच्या शेजारी धरलं.

दोन्ही एकसारखे होते. तोच गोल, त्याच दोन मिशा.

"दुष्काळाच्या साली माकणीच्या भावानं ज्वारीचं पोतं धाडलं," गौराक्का सांगू लागली. "ह्याच नाक्यावरनं आलं. पोरं तेवढ्यावर जगली. दाणं सरलं, पोतं फाटलं, भाऊबी गेला. ही गोळी तेवढी राहिली. समद्यांनी घरातलं दिलं. माझ्या घरात ह्येच होतं देण्यासारखं."

"नाक्यावर का नाही सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"रीत न्हाई म्हून. आन सांगितलं असतं, तर तुमी मानलं असतं का?"

साहेबांनी विचार केला. "नहीं," ते म्हणाले.

ते मागं सरकले आणि पुन्हा खांबापाशी जाऊन उभे राहिले. तपासणी संपली होती, पण ते निघाले नाहीत. आरती होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच होतो. गुरवानं अंगारा पुढं केला तेव्हा साहेबांनी दोन्ही हात पुढं केले.

पायऱ्या चढताना मी कामाचं विचारलं. नोंद तर करायची होती. "साहेब, कागद म्हणून लिहू, शिंग म्हणून, की शिसं? ड्यूटी कशावर लावू?"

साहेब दम खायला थांबले. खाली झाडीतून नंदी अजून दिसत होता, मंडपात ठेवलेल्या निखाऱ्यासारखा.

"अपना ही सील लगा है," ते म्हणाले. "एक बार महसूल दे चुका. दोबारा कायका?"

तसंच लिहिलं. वरून कुणी काही विचारलं नाही.

पुढं निजामाचं राज्य गेलं, त्याबरोबर खातं गेलं, हद्द गेली, मी दुसऱ्या कामाला लागलो. मालाची पारख करण्याचे पुष्कळ मार्ग नोकरीनं शिकवले. वजन, वास, आवाज, हाताचा स्पर्श. नाक्यावर माझ्या हाताखाली आलेल्या नव्या पोरांना मी ते सगळे सांगत असे. शेवटी एक जादा सांगायचो, की टणक लागलं तरी लगेच चाकू काढू नका, आधी उजेडात धरून बघा. पोरं ते लिहून घ्यायची. का सांगतो ते कुणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहिलं.