पदेराच्या भट्टीत भाजलेला फ्लक्स

आता माझं शहाणपण सांगू की लपवू? सांगतोच. चहा तुम्ही पाजताय, तेवढी परतफेड व्हायला हवी ना!

मी मूळचा गडहिंग्लजकडचा, डिचोलीतल्या एका कारखान्यात वेल्डर. त्या दिवशी माझी परीक्षा होती. इन्स्पेक्टरसमोर दोन जाड पत्रे जोडायचे, जोड पास झाला की नोकरी कायम. मी तर सकाळीच गावी बायकोला फोनवर सांगून टाकलं, "झालो समज!"

आमचं यंत्र वेल्डिंग करताना जोडावर फ्लक्स सोडत जातं. फ्लक्स म्हणजे सिरॅमिकचे मोहरीएवढे दाणे. ते जोडावर वितळतात, काचेसारखी साय धरतात आणि हवा आत शिरू देत नाहीत. पण पावसाळ्यात ते ओल धरतात, म्हणून आधी भाजून कोरडे करायचे. आणि नेमकी आमची विजेची भट्टी त्याच सकाळी बंद पडली!

मी डोकं चालवलं. कारखान्यामागेच अंतोनबाब पदेराची पाव भाजायची भट्टी. फ्लक्सचा ट्रे घेऊन तिथं गेलो, सकाळचे पाव निघाले होते. त्यानं आत चिमूटभर पीठ फेकलं, त्याचा रंग बघितला.

"बरोबर तापल्या. दोन वरां दवर, पुरो." म्हणजे दोन तास ठेव, बास.

पीठ बघून कुणी फ्लक्स भाजतं होय? माझा नऊ वर्षांचा अनुभव! म्हटलं, जितका तापेल तितका सुकेल. ट्रे सरकवला थेट निखाऱ्यांवर आणि वर आग फुलवायला कारखान्यातला ब्लोअर आणून लावला.

"अरे, आनी उजो कित्याक?" अंतोनबाब ओरडला.

"बाब, हे पाव नव्हेत!"

दोन तासांनी ट्रे ओढला. दाणे? कुठले दाणे! काळी, चकचकीत, अखंड लादी!

पण मनात म्हटलं, वस्तू तर तीच आहे ना? हातोड्यानं फोडली, अंतोनबाबची पिठाची चाळण न विचारता उचलली, आणि चाळून यंत्रात भरली.

यंत्र सुरू केलं मात्र, तडतड तडतड! साय फोडून बघतो तर जोडभर भोकं.

आमचे मालक, त्यांना सगळे पात्रांव म्हणतात, वाकून बघत म्हणाले, "हो जोड काय पाव रे?"

इन्स्पेक्टरांनी लादीचा उरलेला तुकडा उचलला. "अहो, ठरलेल्या उष्णतेला फक्त ओल जाते, दाणा तसाच राहतो. त्यापुढे तापवलंत की दाणे चिकटतात, वितळतात, आतली घडणच बदलते. मग फोडून दाणे केलेत तरी तो पहिला फ्लक्स नाही."

"तें जोडार वितळपाक जाय," पात्रांव म्हणाले, "तुवें आदींच वितळयलें!"

सगळं कबूल केलं, चाळणीसकट. बायकोला काय तोंड दाखवू? खरं सांगतो, रडायचाच बाकी होतो. इन्स्पेक्टरांना माझी कीव आली असावी. म्हणाले, संध्याकाळी पुन्हा करा.

नवी पिशवी फोडली. या वेळी फ्लक्स अंतोनबाबनं स्वतः भाजला, मला भट्टीपासून दहा हात लांब उभं करून! आणि जोड काय उतरला म्हणता! वरची साय टिचकीसरशी सुटली. पास! कायम!

नोकरीचं पत्र हातात आलं. तळाशी पात्रांवनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'वेल्डिंग करावे. भाजण्याच्या कामात लुडबूड करू नये.'

मी ऐटीत पत्राचा फोटो बायकोला पाठवला. लगेच उत्तर आलं.

"नोकरीचं वाचून लई बरं वाटलं. खालची ओळ मी लग्न झाल्यापासनं सांगतीय की!"