खर्चाची ओळ

बाबा गेले तो मंगळवार होता. महिनाभराने मी त्यांच्या याचिकेची फाइल उघडली आणि निकाल शेवटून वाचला, त्यांच्यासारखाच.

बाबा जन्मभर एका वकिलांकडे टंकलेखक होते. खर्च कोणी सोसायचा ही निकालातली शेवटची ओळ ते आधी वाचत. वर कायदा असतो, खाली माणूस, असं त्यांचं म्हणणं.

ते निवृत्त झाले आणि दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या वाचनालयाला एका सरकारी खात्याने कुलूप लावलं, आत जुनं सामान भरलं. बाबांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. वकील केला नाही, स्वतःच उभे राहिले. खात्याच्या वकिलांनी मागणी केली की याचिका फेटाळावी, वर खर्चही याचिकाकर्त्यावर बसवावा, म्हणजे पुन्हा कोणी न्यायालयाचा वेळ घेणार नाही.

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुम्ही हरले तं कूलरचे पैसे कोर्टात जातील. मग उन्हाळाभर निकालाच्या कागदानंच वारा घ्या."

सुनावणीला मी मागच्या बाकावर होते. खर्च का बसवू नये, असं न्यायमूर्तींनी विचारलं. बाबा आमच्या शहराच्या हिंदीत सावकाश बोलले, "श्रीमान, मैं हार जाऊँ तो कोई बात नहीं. पर पूछने का दंड लगा, तो अगला आदमी पूछेगा ही नहीं."

निकालाची प्रत हाती आली. शेवटची ओळ होती : दोन्ही पक्षांनी आपापला खर्च सोसावा. बाबा तसेच ओमतीच्या बाजारात गेले, खोव्याची जिलबी आणली आणि गल्लीभर वाटली. समोरच्या भैयांनी जिलबी खाऊन विचारलं, कुलूप कधी उघडणार. तेव्हा कुठे बाबांनी पानं मागे उलटली. याचिका फेटाळली होती. आधी खात्याकडे लेखी अर्ज करायला हवा होता. जगाचे अर्ज टाइप करणारा माणूस स्वतःचा अर्ज विसरला होता.

आईला हसू आवरेना.

"काहून हसून राहिली?" बाबा म्हणाले. "हरलो, पण फुकट हरलो. आता पुढच्याला भीती नाही."

कूलर आला. त्याच्या वाऱ्यात उडणारे कागद दाबून धरत बाबांनी खात्याला अर्ज लिहिला. त्यावर खात्याचा नकार आला, तो बाबा गेल्यावर.

वाचनालयाला अजून कुलूप आहे. नवी याचिका दाखल झाली आहे. तिच्यावर सही माझी आहे.